डोकं दुखून राहिलं, मॅडम

नववीतली मुलगी एकाच आठवड्यात तिसऱ्यांदा शाळेच्या ऑफिसात येते. "मॅडम, डोकं दुखून राहिलं." मॅडम पाणी देतात, पंख्याखाली दहा मिनिटं बसवतात आणि वर्गात परत पाठवतात. नागपूरच्या कुठल्याही शाळेत हे घडत असतं. बहुतेक वेळा कारण ऊनच असतं, नाहीतर सकाळी न खाता निघालेलं पोट. पण किशोरवयातलं नैराश्य पुष्कळदा शरीरातूनच बोलतं. डोकं दुखतं, पोट दुखतं, झोप उडते, उगाच चिडचिड होते. "जगावंसं वाटत नाही" हे कुणाला सांगायचं ते मुलाला कळत नाही. "डोकं दुखतंय" हे मात्र कुणालाही सांगता येतं.

म्हणूनच शाळेतली आरोग्यसेवा हा आत्महत्या रोखण्याचा सगळ्यात जवळचा दरवाजा आहे, असं मला मनापासून वाटतं. 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवल्याची नोंद आहे, म्हणजे दिवसाला 35 हून अधिक. उपचार शहरात आहेत. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहे, छिंदवाडा रोडवर 1864 पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पण त्या रुग्णालयाजवळच्या चौकाला लोक आजही 'पागलखाना चौक' म्हणतात. चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन त्या चौकात ऑटोतून उतरणं आईवडिलांना किती जड जात असेल! शाळेतल्याच आरोग्यसेवेच्या खोलीत जायला ना ऑटो लागतो, ना फी, ना नातेवाइकांना उत्तर द्यावं लागतं.

या वयात धोका का वाढतो, यामागे मेंदूच्या वाढीचाही वाटा आहे. भावना उसळवणारी केंद्रं लवकर जागी होतात. "थांब, उद्या बघू" असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. त्यामुळे निकालाचा किंवा भांडणाचा दिवस आयुष्याएवढा मोठा वाटतो. जीव देण्याची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडा वेळच टिकते. त्या वेळात सोबत कुणीतरी असलं, तर ती ओसरू शकते.

मग शाळेनं नेमकं करायचं काय? याचं उत्तर शोधायला युरोपातल्या दहा देशांत, 168 शाळांमधल्या 11,110 मुलांवर मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवलं. काही शाळांत प्रश्नावली भरून घेऊन जोखमीतली मुलं तज्ज्ञांकडे पाठवली. तिसऱ्या गटात थेट मुलांशीच काम झालं. काही आठवड्यांत मिळून सुमारे पाच तास, त्यातला बराचसा वेळ नाटुकल्यांचा: मित्र गप्प गप्प झाला तर काय करशील, घरी भांडण झालं तर कुणाकडे जाशील. वर्षभरानं याच गटात फरक दिसला. नेहमीसारख्या चाललेल्या शाळांत हजारी 15 मुलांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता, इथे हजारी 7. बाकी दोन उपायांनी ठोस फरक पडला नाही. मुलाचं मन बिनसलं की ते आधी मित्राला कळतं, सरांना नंतर. म्हणून मित्रालाच तयार करणं जास्त शहाणपणाचं.

आपल्याकडचा पुरावा बिहारच्या नालंदा जिल्ह्यातला आहे. तिथे 74 माध्यमिक शाळांच्या अभ्यासात एकच कार्यक्रम दोन प्रकारे राबवून पाहिला गेला. काही ठिकाणी शिक्षकांनी तो घेतला, काही ठिकाणी प्रशिक्षण दिलेल्या, पण मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी. 2018 मध्ये निकाल आला. समुपदेशकांच्या शाळांत नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली, शिक्षकांच्या शाळांत काहीच हललं नाही. यात शिक्षकांना दोष देण्यासारखं काही नाही. त्यांच्या डोक्यावर आधीच पोर्शन, पेपर आणि सरकारी कामं आहेत. शिवाय जो मार्क देतो त्याच्यासमोर मन उघडणं कोणत्याही मुलाला अवघडच.

सरकारी शाळेत आरोग्य पथक वर्षातून एकदा येतं, दात, डोळे, वजन, रक्तक्षय पाहून जातं. 2014 पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्याचाही समावेश आहे. पण मनाचं दुखणं वर्षातल्या एका तपासणीत हाती लागत नाही. त्यासाठी रोज दिसणारा, ओळखीचा माणूस हवा. डोकेदुखी तिसऱ्यांदा आली की दार लोटून घेऊन त्यानं विचारावं, "बाळा, झोप होते का? कधी जीव द्यावासा वाटतो का?"

हा प्रश्न विचारायला मोठी माणसं घाबरतात. नसता विचार आपणच डोक्यात घालू, असं वाटतं. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर हेच तपासलं गेलं. 2005 मध्ये उत्तर मिळालं: विचारल्यानं ताण किंवा तसे विचार वाढत नाहीत. आधीच खचलेल्या मुलांना तर थोडं हलकं वाटल्याचं दिसलं. गुप्ततेचा शब्द देताना मात्र खरं बोलावं: "तुझं बोलणं माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर घरच्यांना सांगावं लागेल, आणि ते आपण दोघं मिळून सांगू."

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती टायअपच्या मुलांची. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाहून नीट-जेईईसाठी आलेली, नाव एका ज्युनिअर कॉलेजात आणि दिवस क्लासमध्ये. त्यांना ना शाळेची खोली, ना आरोग्य पथक. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं, आणि त्यात कोचिंग क्लासही आले. प्रवेश घेताना पालकांनी टेस्ट सीरिजबद्दल विचारतो तसंच हेही विचारावं: समुपदेशक कोण, कुठे बसतात, कोणत्या वेळी भेटतात?

रूमवर, मेसमध्ये रात्री-बेरात्री कुणाला बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहेच. आणि समोरचं पोर "आता नाही सहन होत" म्हणत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. जवळ बसा, घरच्यांना फोन लावा आणि सोबत मेडिकल किंवा मेयोच्या कॅज्युअल्टीत जा.