गांधीलमाशीच्या विषामुळे होणारा दाह

गांधीलमाशीने डंख मारल्यावर त्या जागी येणारी लाली, सूज, उष्णता आणि ठणका म्हणजे हा दाह. विषाचे प्रमाण अत्यल्प असते. डोळ्यांना दिसणारी सूज बहुतांशी शरीराच्या स्वतःच्या पेशींनी घडवलेली असते.

गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडणे या तालुक्यांतल्या काजूच्या बागायतींत आणि कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) हा अनुभव नेहमीचा. बोंडू (काजूची फळे) वेचताना किंवा सुकी फांदी ओढताना पानांआड लपलेल्या पोळ्याला धक्का लागतो आणि माश्या अंगावर येतात. डंख फक्त मादी मारते. तिची नांगी गुळगुळीत असल्याने मधमाशीच्या नांगीसारखी कातडीत अडकून राहत नाही, म्हणून एकच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते.

डसताक्षणीची आग विषात तयारच असलेल्या हिस्टामिन, सेरोटोनिन आणि किनिन या द्रव्यांमुळे होते. मोठ्या गांधीलमाश्यांच्या विषात ॲसिटिलकोलीनही असते. पुढचे काम मास्टोपॅरान करते. १४ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी जपानी संशोधकांनी १९७९ मध्ये वेगळी केली. त्वचेतल्या मास्ट पेशींत हिस्टामिनच्या कणिका साठवलेल्या असतात. मास्टोपॅरान त्या पेशींना थेट चेतवून कणिका बाहेर टाकायला लावते. त्यासाठी ॲलर्जी असावी लागत नाही, म्हणूनच आयुष्यातल्या पहिल्या डंखालाही सूज येते. हिस्टामिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, की जागा लाल आणि गरम होते. त्यांच्या भिंतींत फटी पडून रक्तद्रव बाहेर झिरपतो, तीच सूज. मज्जातंतूंची टोके चाळवली जातात, म्हणून खाज. दरम्यान हायल्युरोनिडेज हे विकर पेशींमधला चिकट थर विरघळवून विषाला वाट करून देते आणि फॉस्फोलिपेज ए१ पेशीपटलातली मेदद्रव्ये तोडते. मास्ट पेशी प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन ही दाह वाढवणारी द्रव्येही तयार करू लागतात, पांढऱ्या पेशी गोळा होतात; त्यामुळे काही जणांचा हात दुसऱ्या दिवशी जास्त टम्म फुगलेला दिसतो. अशी सूज दहा सेंटिमीटरहून मोठी असली तरी ती बहुधा जंतुसंसर्गाची नसते, आणि तिच्यासाठी प्रतिजैविके घेणे व्यर्थ आहे.

चुना, चिंचेचा कोळ किंवा लोखंड घासणे हे उपाय गावोगावी चालतात. विष कातडीखाली गेलेले असल्याने त्यांचा उपयोग होत नाही. बर्फाने मात्र रक्तवाहिन्या आकसतात व ठणका कमी होतो.

खरा धोका ॲलर्जीचा. आधीच्या डंखानंतर शरीराने विषातल्या प्रथिनांविरुद्ध, विशेषतः अँटिजेन ५ विरुद्ध, आयजीई ही ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडे तयार केलेली असली, तर पुढच्या डंखाला सर्वांगातल्या मास्ट पेशी एकदम रिकाम्या होऊ शकतात. अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, दम लागतो, रक्तदाब कोसळतो. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस असे नाव दिले. याच कामासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यावर पहिला उपाय मांडीच्या स्नायूत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, कोसळलेला रक्तदाब सावरत नाही. म्हणून गोळी देऊन वाट पाहत न बसता ताबडतोब १०८ ला फोन करावा.

एकाच वेळी अनेक माश्या डसल्यास ॲलर्जी नसतानाही विषाच्या थेट माऱ्याने स्नायू आणि तांबड्या पेशी फुटतात. त्यांतील प्रथिने मूत्रपिंडात साचून ते निकामी होऊ शकते. हा परिणाम काही तासांनी किंवा दिवसांनीही उमटतो, त्यामुळे रुग्ण बरा वाटत असला तरी त्याला देखरेखीखाली ठेवतात. लघवी गडद तपकिरी होणे किंवा कमी होणे ही त्याची लक्षणे होत.