नवा फोन पुरेसा तपासून येतो का? थोडी पार्श्वभूमी

ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी बॅटरीबद्दल इशारा दिला, तेव्हा भारतात एकच धावपळ उडाली होती. मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर तापण्याची शक्यता होती. लोक मागचं झाकण काढून बॅटरीवरचा २६ अक्षरांचा क्रमांक तपासत होते. पण बॅटरी बदलली की प्रश्न मिटायचा, फोन तोच राहायचा.

पुढे फोन सडपातळ झाले, बॅटरी आतच बंद झाली आणि दरवर्षी ठरल्या महिन्यात नवं मॉडेल आणण्याची कंपन्यांची स्पर्धा लागली. त्याची सर्वात मोठी किंमत सॅमसंगने गॅलक्सी नोट ७ च्या रूपाने मोजली. आदल्या वर्षीच्या नोट ५ मध्ये ३,००० एमएएचची बॅटरी होती, नोट ७ मध्ये ३,५०० ची. २ ऑगस्ट २०१६ ला फोन जाहीर झाला, १९ ला विक्री सुरू झाली आणि फोन पेट घेऊ लागल्याने २ सप्टेंबरला २५ लाख फोन परत मागवायची वेळ आली. भारतातली विक्री नेमकी त्याच दिवशी सुरू व्हायची होती, ती झालीच नाही. बदलून दिलेल्या फोनमध्ये दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी होती. ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुइव्हिल विमानतळावर उड्डाणाआधी विमानात असाच एक फोन धुमसू लागला आणि प्रवाशांना खाली उतरवावं लागलं. आठवड्याभरात उत्पादन कायमचं थांबलं.

जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने सोलमध्ये कारणं मांडली. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या उजव्या कोपऱ्यात आतले पत्रे (इलेक्ट्रोड) दबून वाकले होते. दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगनंतर धातूचं टोकदार कुसळ राहून गेलं होतं, काहींत इन्सुलेशनची पट्टीच लावलेली नव्हती. दोन्हीकडे परिणाम एकच, आतल्या आत शॉर्टसर्किट. हे शोधायला ७०० अभियंत्यांनी २ लाख फोन आणि ३० हजार बॅटऱ्या तपासल्या. त्यानंतर बॅटरीसाठी आठ टप्प्यांची तपासणी आली. त्यात एक्स-रे होता, बॅटरी उघडून पाहणं होतं. यातलं काहीच २०१६ मध्ये अशक्य नव्हतं. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

फोन तपासलेच जात नाहीत असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. ते आपटून, वाकवून, पाण्यात बुडवून बघतात, बटणं यंत्राने असंख्य वेळा दाबली जातात. पण ज्याची भीती आधी सुचली, त्याचीच चाचणी लावली जाते. सॅमसंगचाच घडीचा फोन, गॅलक्सी फोल्ड, यंत्राने २ लाख वेळा उघडून मिटवला होता. एप्रिल २०१९ मध्ये तो समीक्षकांच्या हातात गेला, तर कुणी वरची पातळ फिल्म साधं स्क्रीनगार्ड समजून सोलून काढली, तर कुणाच्या बिजागरीतून कचरा पडद्याखाली शिरला. २६ एप्रिलची विक्री सप्टेंबरपर्यंत पुढे गेली. फोन तयार होण्याआधीच आपण तो पुढे रेटला, अशी कबुली तेव्हाचे मोबाइल विभागप्रमुख को डाँग-जिन यांनी पुढे उघडपणे दिली. इतक्या वरच्या माणसाने असं मान्य करणं क्वचितच घडतं.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत घाई अधिकच सोपी, कारण अपडेट नंतरही पाठवता येतं. सप्टेंबर २०१४ मध्ये अॅपलचं आयओएस ८.०.१ हे आयफोनच्या सॉफ्टवेअरचं अपडेट टाकल्यावर नव्याकोऱ्या आयफोन ६ चं नेटवर्कच गेलं, अपडेट तासाभरात मागे घ्यावं लागलं. आपल्याकडे फेब्रुवारी २०२० पासून ५जी फोन विकले जात होते, नेटवर्क सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. तेव्हाही कित्येक फोन अपडेटची वाट बघत होते, आयफोनना तर ते डिसेंबरमध्ये मिळालं. ज्या सोयीसाठी ग्राहकाने आधीच पैसे मोजले, ती इथल्या चालू नेटवर्कवर तपासायला मागाहून सुरुवात झाली.

मग सरकारी शिक्का कशाचा? बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) सक्तीची नोंदणी मुख्यतः विजेचा धक्का, आग, तापणं यांपासूनची सुरक्षितता बघते. फोनच्या रेडिओलहरींची किती ऊर्जा शरीरात शोषली जावी, यासाठी प्रतिकिलो १.६ वॅटची वेगळी मर्यादा आहे. दोन वर्षांनी पडदा टिकेल का, हे त्यात येत नाही. एमोलेड प्रकारच्या पडद्यांवर उभी हिरवी रेष उमटल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २०२३ मध्ये वनप्लसने भारतात ठरावीक जुन्या मॉडेलना पडद्याची आजीवन वॉरंटी दिली. ती मिळाली ग्राहकांनी तक्रारी लावून धरल्या म्हणून. कोणत्याही नियमाने कंपनीला ते करायला लावलं नव्हतं.