दुर्बिणीतून टॉवर दिसला म्हणजे बिनतारी लिंक लागलीच, असं नाही

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरून समोरचा टॉवर दिसतो, मग सिग्नल अडणार कशाला? हा समज चुकीचा. रेडिओलहर दोरीसारखी जात नाही. मधे फुगलेली, लांबट काकडीच्या आकाराची मोकळी जागा तिला लागते. तिलाच फ्रेनेल झोन म्हणतात.

कामठीकडची 16 किमीची लिंक धरा, 5.8 गिगाहर्ट्झवर. मध्यावरची त्रिज्या = 17.32 × √(16 ÷ (4 × 5.8)) = 14.4 मीटर. त्यातले किमान 60 टक्के, म्हणजे 8.6 मीटर, मोकळे हवेत. पृथ्वीच्या गोलाईचे 3.8 मीटर वेगळे. म्हणजे मध्यावरच्या झाडाच्या शेंड्यापासून सरळ रेषा 12.4 मीटर वर हवी. बहुतेक जण गोलाई विसरतात.

मोजणी मे महिन्यात केली असेल तर जपून! तेव्हा साग निष्पर्ण असतो. जुलैत त्याचीच ओली, रुंद पानं सिग्नल गिळतात.