गावी की वाचावी? कविसंमेलनांतल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कविता वाचून झाल्या, चहा झाला आणि कवी आपल्या लेखनाविषयी बोलायला बसले, की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो : कविता गाऊन सादर करावी की नुसती वाचावी? सूत्रसंचालक तो हसण्यावारी नेतो. खरं तर वृत्त, लय, मुक्तछंद, गझल यांवरच्या मराठीतल्या बऱ्याचशा चर्चा या एका प्रश्नाच्या पोटातूनच निघालेल्या आहेत.

कविता चारचौघांत म्हणण्याची सवय आपल्याला कीर्तनाने आणि फडाने लावली. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात शाहीर एकमेकांना कवनातून कोडी घालत आणि समोरच्याला त्याच चालीत उत्तर द्यावं लागे. कारागिरीची परीक्षा तिथल्या तिथे, भर गर्दीत व्हायची. आधुनिक कवी मात्र ‘कवी’ म्हणून एकत्र जमले ते बऱ्याच उशिरा. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, पेशाने लष्करी डॉक्टर आणि व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ. औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ अभ्यासक अजून उघडतात. त्यांच्यासमोर त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि तिथेच तो ‘बालकवी’ झाला. त्या संमेलनातलं बाकीचं कुणाला फारसं आठवत नाही, हे नाव तेवढं उरलं.

कवींनी नियमाने एकत्र बसून एकमेकांची कविता तपासायची, हा प्रकार रुजवला तो पुण्याच्या रविकिरण मंडळाने. 1923 सालची गोष्ट. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे ही त्यातली ठळक मंडळी. याच मंडळाने काव्यगायन गावोगावी नेलं. यशवंत आणि गिरीश यांच्या गायनाला श्रोते गर्दी करत. त्याचा परिणाम लेखनावरही झाला. गायची म्हटल्यावर कडवी सुटसुटीत हवीत, ध्रुवपद हवं, मात्रा (अक्षरांच्या उच्चाराला लागणारा वेळ) चालीत बसायला हव्यात. माधव जूलियनांनी या सगळ्याच्या मुळाशी जाऊन ‘छंदोरचना’ हा वृत्त-छंदांवरचा ग्रंथ लिहिला, आणि त्यासाठी मुंबई विद्यापीठाने 1938 मध्ये त्यांना डी. लिट. दिली. मात्रा मोजता मोजता माणूस थेट विद्यापीठाच्या व्यासपीठावर पोहोचला!

थट्टाही लगेच झाली. 1925 मध्ये अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने ‘झेंडूचीं फुलें’ काढलं आणि मंडळाच्या सगळ्या लकबी विडंबनात पकडल्या. माझ्या मते मराठीतली कारागिरीवरची ती सर्वांत नेमकी टीका आहे, कारण एखाद्याची शैली हुबेहूब उचलायची तर ती आधी उलगडून पाहावी लागते. याच अत्र्यांनी पुढे 1952 मध्ये जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाईंच्या गाण्यांना प्रस्तावना लिहिली, हे विसरून चालत नाही. त्या ओव्या शेतात आणि जात्यावर जुळलेल्या, आणि कागदावर उतरवल्या त्या इतरांनी. तिथे गाणं आणि रचणं ही दोन कामं नव्हतीच.

मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ 1947 साली आल्या. त्यांनी अभंग-ओवीचा साचा ठेवला, पण आत यंत्रयुगातलं शहर भरलं. ही कविता गोड गळ्यावर बसेना. मग ती श्रोत्यांपर्यंत न्यायची कशी? विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गावोगाव एकत्र कार्यक्रम करून त्याचं उत्तर दिलं : चाल न लावता, नुसत्या बोलण्याच्या आवाजात. बापटांच्या पाठीशी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाचा अनुभव होता. विंदांनी तर तबल्याच्या ठेक्यांवर ‘तालचित्रे’ लिहिली. गाणं बाजूला ठेवलं तरी ताल सुटलेला नव्हता. त्याच काळात गोव्याचे बोरकर आपली कविता गाऊन म्हणत आणि लोक तल्लीन होत, म्हणजे वाद मिटला होता असं मुळीच नाही.

तिकडे आंबेडकरी जलशांत हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. वामनदादा कर्डकांसाठी गाणं हेच विचार पोहोचवण्याचं साधन होतं. नारायण सुर्वे गिरणगावची बोली घेऊन उभे राहिले ते न गाता. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने ऐकणाऱ्याला मान डोलवायला उसंतच ठेवली नाही.

गाणं मुख्य मंचावर पुन्हा मानाने आलं ते सुरेश भटांमुळे. त्यांचं मोठं काम माझ्या लेखी मैफली गाजवण्यापेक्षा शिकवण्याचं आहे. ‘गझलेची बाराखडी’ लिहून त्यांनी मतला (गझलेचा पहिला शेर), काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द), अलामत (यमकाआधीचा न बदलणारा स्वर) हे सगळं नवख्यांच्या हाती दिलं. तंत्र हे गुपित नाही, ते पत्रातूनही शिकवता येतं, ही भूमिका त्यांनी घेतली. आज गावोगावी गझलेच्या कार्यशाळा होतात त्या याच बाराखडीच्या जोरावर.

आता साहित्य संमेलनात निमंत्रितांचं कविसंमेलन वेगळं असतं आणि इतर कवींसाठीचा मंच, म्हणजे कविकट्टा, वेगळा. कट्ट्यावर रांग इतकी, की एकेकाला एका कवितेपुरताच वेळ मिळतो. ती कशी लिहिली हे सांगायला फुरसत कुठली? म्हणून स्थानिक महोत्सवांनी चर्चेचं सत्र वेगळं काढायला सुरुवात केली. अशा सत्रांत गझलकार फळ्यावर लगावली (लघु-गुरूंचा क्रम) मांडून शेराची चूक दाखवू शकतो. मुक्तछंद लिहिणाऱ्याकडे तसा फळा नाही, म्हणून तो बहुधा प्रेरणेवर बोलतो. ओळ कुठे तोडली आणि का, हे त्याला कुणी विचारत नाही, आणि तोही आपणहून सांगत नाही.