सर्व्हर बंद-चालू करताना ‘डाऊन’पुढे ‘व्ही’ नको

नमस्कार,

बिलिंग सॉफ्टवेअर बसवताना ते चालू-बंद करणाऱ्या डॉकर कंपोज या साधनाच्या कमांडचा कागद आम्ही सर्व्हरशेजारी लावून दिला आहे. स्पेलिंग त्यावर आहेच आणि अप, स्टॉप, रीस्टार्ट आपल्याला सवयीचे आहेत. हे पत्रक एकाच गोष्टीसाठी: ‘डाऊन’ कमांडपुढे ‘-व्ही’ लावला, की डेटा पुसला जातो.

गुरुवारी देखभालीसाठी गेलेली लाइट आली की आम्हाला फोन येऊ लागतात. त्या वेळी वेब सर्व्हिस (स्क्रीनवर पान दाखवणारा भाग) अनेकदा डेटाबेसच्या आधी उठते. लाइट अचानक गेली असेल, तर पोस्टग्रेस, म्हणजे आपला डेटाबेस, आधी अर्धवट राहिलेल्या नोंदी निस्तरतो, मगच दार उघडतो. तोवर स्क्रीनवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ किंवा ‘डेटाबेस सिस्टिम इज स्टार्टिंग अप’. थांबा. लॉगमध्ये (सर्व्हर स्वतः लिहितो त्या नोंदींत) ‘रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स’ ही ओळ आली, की पान रिफ्रेश करा.

इथे धीर सुटतो आणि कोणीतरी नेटवर सापडलेलं ‘डॉकर कंपोज डाऊन -व्ही’ चालवतो. पुन्हा अप केलं की सगळं व्यवस्थित चालू दिसतं, लॉगिनचं पानही येतं. आत मात्र एक पार्टी नाही, एक बिल नाही. नुसत्या डाऊनने कंटेनर (सॉफ्टवेअर ज्यात चालतं ते डबे) आणि त्यांना जोडणारं नेटवर्क जातं. ते पुन्हा बनतं. आपला डेटा व्हॉल्यूममध्ये, म्हणजे डिस्कवरच्या वेगळ्या साठ्यात, असतो आणि ‘-व्ही’ तोच पुसतो, ‘नक्की का?’ असंही न विचारता. मग आमच्या हातात फक्त शेवटचा बॅकअप. त्यानंतरची बिलं आपल्याच माणसाला बसून पुन्हा भरावी लागतात.

पासवर्डचंही तसंच. डेटाबेस एकदा तयार झाला, की एन्व्ह फाइलमधला (सेटिंग्जच्या फाइलमधला) पासवर्ड बदलून आतला बदलत नाही. त्यासाठी व्हॉल्यूम उडवू नका, आम्हाला सांगा.

कमांडऐवजी बटण का देत नाही, असं बरेच जण विचारतात. बटण दाबून बिघाड कुठे आहे ते कळत नाही. ‘पीएस’ (काय चालू आहे त्याची यादी) आणि ‘लॉग्ज --टेल ५०’ (लॉगच्या शेवटच्या ५० ओळी) यांचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, तर बरीचशी कामं फोनवरच मिटतात. आमचा माणूस कात्रजहून भोसरीला पोचेपर्यंत आपलं काउंटर अडून राहत नाही.

वार्षिक करारात आम्ही रोज रात्री पीजी-डम्पने (पोस्टग्रेसच्या बॅकअप कमांडने) बॅकअप घेतो, त्याची प्रत दुसऱ्या जागी ठेवतो आणि दर महिन्याला ती वेगळ्या मशीनवर चढवून तपासतो. करार नसलेल्या ग्राहकांना डेटा परत आणण्याचं काम वेगळ्या दराने पडतं. चालू वर्षाच्या मधूनही करार करता येईल. उरलेल्या महिन्यांचेच पैसे घेऊ.