हायड्रोजन : मोटारगाडीचे इंधन

हायड्रोजन वायूवर गाडी दोन तऱ्हांनी चालते. एक तर पेट्रोलसारखा तो इंजिनात जाळतात. नाहीतर इंधन घटात त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग घडवून वीज काढतात आणि त्या विजेवर चाके फिरवतात. इंधन घटाच्या गाडीच्या धुराड्यातून फक्त पाण्याची वाफ निघते. इंजिनात जाळला तर ज्वलनाच्या उष्णतेने हवेतल्या नायट्रोजनची थोडीफार ऑक्साइडे तयार होतातच. जुन्या मराठी लेखनात या वायूला ‘उद्‌जन’ म्हणत, म्हणजे पाणी जन्माला घालणारा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझ्येने दिलेल्या मूळ नावाचा अर्थही तोच.

बडोद्याला हा वायू नवा नाही. शहराजवळच्या कोयलीची गुजरात रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. अशा तेलशुद्धीकरण कारखान्यांत डिझेलमधले गंधक काढायला आणि जड तेलाचे रेणू फोडून हलके करायला हायड्रोजन लागतो. छाणीजवळच्या फर्टिलायझरनगरात जीएसएफसी या खत कंपनीचा अमोनिया बनतो; १७ किलो अमोनियात ३ किलो हायड्रोजन असतो. रणोलीला गुजरात अल्कलीजच्या कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन काढतात. त्या क्रियेत हायड्रोजन आपसूक निघतो. कलाभवनातून (विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र विद्याशाखेला जुने बडोदेकर अजून हेच म्हणतात) शिकून या कारखान्यांत लागलेल्यांच्या घरी हायड्रोजन हा शब्द भविष्यकाळातला नाही, तो पाळीतला आहे.

रणोलीच्या प्रकारचा हायड्रोजन विशेष लक्ष देण्याजोगा आहे. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एक टन कॉस्टिक सोड्यामागे २५ किलो हायड्रोजन सुटतो. टोयोटा मिराई या इंधन घटाच्या गाडीच्या टाक्यांत सुमारे ५.६ किलो मावतो. म्हणजे एक टन सोड्याच्या मागून चार गाड्या भरून वर थोडा उरेल. हा वायू बराच शुद्ध असतो, पण इंधन घटाला ९९.९७ टक्के शुद्धता लागते आणि क्लोरीनचा अंशही चालत नाही, त्यामुळे धुणे, वाळवणे, गाळणे आलेच. शिवाय तो फुकट जातो असे समजू नये. असे कारखाने त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड करतात, नाहीतर बॉयलरमध्ये जाळतात. गाडीत घालायचा तर बॉयलरसाठी दुसरे काहीतरी जाळावे लागणार, हे कागदावरच्या हिशेबात बहुतेक वेळा सुटून जाते.

रिफायनरी आणि खत कारखान्यांतला हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूवर वाफेची प्रक्रिया करून मिळवतात. या पद्धतीत एक किलो हायड्रोजनमागे ९ ते १० किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. गाडी स्वच्छ, पण धूर कोयलीत, असा हा प्रकार. ‘हरित’ हायड्रोजन सौर किंवा पवन विजेने पाण्याचे विघटन करून काढतात. ऑगस्ट २०२३ मध्ये भारत सरकारने त्याची मर्यादा ठरवली : एक किलोमागे कार्बन डाय-ऑक्साइडच्या मापात २ किलोपेक्षा जास्त उत्सर्जन नको. रंग मात्र वायूला नसतोच. हिरवा, करडा, निळा ही नावे उगमावरून पडली आहेत.

एक किलो हायड्रोजनमध्ये १२० मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलच्या जवळजवळ पावणेतीन पट. हा आकडा जाहिरातीत नेहमी येतो. त्याच्या पुढचा येत नाही : साध्या दाबाला हा एक किलो अकरा घनमीटर जागा व्यापतो, म्हणजे एक लहानशी खोली. म्हणून तो दाबावा लागतो. शहरातल्या सीएनजी रिक्षांची टाकी साधारण २०० बार (एक बार म्हणजे जवळजवळ आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) दाबाची असते. हायड्रोजन बससाठी ३५० आणि छोट्या गाडीसाठी ७०० बार लागतात. एवढा दाबूनही एक लिटर हायड्रोजनमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढीच ऊर्जा भरते. टाकी कार्बन तंतूंची, जाड आणि महाग. द्रवरूप करावा तर तापमान उणे २५३ अंश सेल्सियसला न्यावे लागते, आणि गाडी उभी राहिली की आतला द्रव हळूहळू वाफ होऊन निसटतो.

सुरक्षेबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाण असले तरी हा वायू पेट घेतो, ठिणगीही अगदी क्षुल्लक पुरते, आणि ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. वास घालायची सोय नाही, कारण घरगुती गॅसला घालतात तसली गंधकाची द्रव्ये इंधन घट बिघडवतात; गळती शोधायला संवेदक लागतात. उलट बाजू अशी की तो हवेपेक्षा चौदापट हलका असल्याने उघड्यावर झरझर वर जातो, एलपीजीसारखा जमिनीलगत साचत नाही. धोका बंद जागेत. पोलादात शिरून त्याला ठिसूळ करण्याचीही त्याला खोड आहे. बडोद्यात घरोघर नळाने गॅस अनेक दशके येतो आहे, पण म्हणून त्याच जुन्या नळांतून निव्वळ हायड्रोजन सोडता येणार नाही. मिसळून थोडा सोडता येतो : सुरतजवळ कवास येथे एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या वसाहतीत २०२३ मध्ये तसा प्रयोग सुरू झाला.

कल्पना जुनी आहे. स्विस संशोधक द रिवाझ याने १८०७ च्या सुमारास हायड्रोजनच्या स्फोटावर चालणारे इंजिन बनवले, ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्रोव्हने १८३९ मध्ये इंधन घटाचे तत्त्व दाखवले. १९६६ मध्ये जनरल मोटर्सने इंधन घटावर चालणारी व्हॅन तयार केली, पण यंत्रसामग्रीने मागची सगळी जागा खाल्ली आणि बसायला दोघांपुरतेच उरले. विक्रीची मिराई डिसेंबर २०१४ मध्ये आली. भारतात मार्च २०२२ मध्ये तिची चाचणी सुरू झाली आणि त्याच महिन्यात नितीन गडकरी तिच्यातून संसदेत गेले.

मोटारीपुरते पाहिले तर खरा प्रतिस्पर्धी पेट्रोल नाही, बॅटरी आहे. एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, दाबायची वेगळी. त्यावर गाडी सुमारे १०० किलोमीटर जाते, म्हणजे ९३ किलोमीटरचा बडोदे-अहमदाबाद द्रुतगती मार्ग एकदा पार होतो. तेवढीच वीज सरळ बॅटरीत भरली तर तिप्पट अंतर कापता येते, जाऊन-येऊन पुन्हा जाता येते. हायड्रोजनच्या बाजूने बोलायचे तर पाच मिनिटांत टाकी भरते आणि लांबच्या, जड वाहतुकीत बॅटरीचे टनावारी ओझे वाहावे लागत नाही. म्हणून ठरलेल्या मार्गावरच्या ट्रक-बसेस हेच त्याचे क्षेत्र दिसते. सोसायटीच्या पार्किंगमधली गाडी नव्हे.

सरकारी धोरणातही तसेच दिसते. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाची तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची आहे. त्याखाली मार्च २०२५ मध्ये दहा मार्गांवर ३७ ट्रक-बसेस आणि नऊ इंधन केंद्रे मंजूर झाली, त्यांत अहमदाबाद-बडोदे-सुरत हा मार्ग आहे. ३७ पैकी १५ वाहने इंधन घटाची, २२ इंजिनाची. मोटारगाडी एकही नाही.

बडोद्याजवळच्या हालोलला जनरल मोटर्सचा कारखाना होता. १९६६ ची ती व्हॅन बनवणारी हीच कंपनी. २०१७ मध्ये तो एमजी या मोटार कंपनीकडे गेला. एमजीने जानेवारी २०२३ च्या वाहन प्रदर्शनात युनिक ७ ही इंधन घटाची गाडी मांडली होती. हालोलमधून बाहेर पडतात त्या गाड्या मात्र पेट्रोलच्या, डिझेलच्या आणि बॅटरीच्या.