क्रायोबलून ॲब्लेशन

एट्रियल फिब्रिलेशन (एएफ) या हृदयाच्या ठोक्यांच्या विकारावर गोठवून केला जाणारा उपचार. यात छाती उघडावी लागत नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी (कॅथेटर) हृदयापर्यंत सरकवतात.

एएफमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंद, नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. कुणाला धडधडते, कुणाला जिना चढताना धाप लागते. काहींना काहीच जाणवत नाही, आणि ते अधिक धोक्याचे. कारण अलिंदात साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात होतो. ही थरथर पेटवणारे चुकार विद्युत संदेश बहुधा फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांमधून उठतात, हे फ्रान्समधील बोर्दोच्या मिशेल ऐसागेर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले. उपचाराचा सगळा रोख या शिरांवरच असतो.

दोन अलिंदांमधला पडदा सुईने भेदून नळी डावीकडे नेतात. तिच्या टोकाचा, सहसा २८ मिलिमीटरचा फुगा शिरेच्या तोंडावर बुचासारखा बसवतात. मग क्ष-किरण चित्रात दिसणारी डाय सोडतात. ती शिरेतच अडून राहिली तर बूच घट्ट बसले. आता फुग्यात नायट्रस ऑक्साइड सोडून तापमान उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वा त्याखाली नेतात आणि साधारण तीन-चार मिनिटे तसेच ठेवतात. गोठलेल्या पेशी मरून शिरेभोवती वणाचे कडे तयार होते, आणि वणातून वीज पुढे जात नाही. थंडीने फुगा भिंतीला चिकटतो, त्यामुळे धडधडत्या हृदयातही तो निसटत नाही. मात्र वितळेपर्यंत त्याला ओढायचे नसते.

उजव्या शिरांपाशी खरी कसोटी लागते. श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस (मज्जातंतू) तिथून अगदी जवळून जाते. म्हणून त्या नसेला विजेचे हलके झटके देत राहतात आणि एक हात रुग्णाच्या पोटावर ठेवतात. प्रत्येक झटक्याला श्वासपटल हाताला टक्कर देते. टक्कर मंदावली की गोठवणे तिथेच थांबते. इतकी यंत्रे असलेल्या खोलीत हा तळहात फार मोलाचा. नस दुखावलीच, तर बहुतेकांची कालांतराने सावरते.

अमेरिकेत या फुग्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. २०१६ च्या ‘फायर अँड आइस’ चाचणीत तो उष्णतेने जाळण्याच्या पद्धतीच्या तोडीस तोड ठरला. अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये गुण चांगला येतो, कायम टिकून राहणाऱ्यात कमी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठोके पुन्हा बिघडले तरी उपचार फसला असे धरत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी त्या काळात चालूच असते. पक्षाघाताचा धोका जास्त असलेल्यांना ती ठोके सुधारल्यावरही घ्यावी लागते.